'ळ' म्हणजे २२४, १६४, १७९!

कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, कळतात फक्त आकडे. इंग्रजी कॅपिटल 'ए' म्हणजे ६५. एका बाइटमध्ये काम भागतं. आपल्या 'ळ'चा युनिकोड क्रमांक मात्र २३५५, आणि एका बाइटमध्ये २५५च्या पुढचा आकडा मावतच नाही. म्हणून यूटीएफ-८ मध्ये त्याचे तीन बाइट होतात. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेली ही पद्धत!

खरी गंमत जोडाक्षरांत. 'क्षि' दिसायला एक, पण आत क, हलंत, ष आणि पहिली वेलांटी. पायथॉन ३ मध्ये लांबी विचारा, उत्तर ४. यूटीएफ-८ बाइट मोजा, १२!

त्यामुळे प्रोग्राममध्ये मराठी मजकूर नुसते बाइट मोजून कधीही कापू नका. अक्षर मधेच तुटतं.