निवृत्तांची वसाहत आणि तिचा कारभार

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या वायव्येला, पूर्वी कापूस पिकणाऱ्या जमिनीवर बांधलेली सन सिटी ही वसाहत १ जानेवारी १९६० रोजी लोकांना पाहण्यासाठी खुली झाली आणि पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक लाख माणसे ती पाहून गेली. पाहण्यासारखे तेव्हा तिथे फारसे काही नव्हते. पाच नमुना घरे, एक बाजारसंकुल, एक करमणूक केंद्र आणि गोल्फचे एक मैदान एवढेच उभे होते. तरीही बांधकाम व्यावसायिक डेल वेब यांनी त्या गर्दीसमोर जे मांडले, त्यातून पुढे जगभर ‘रिटायरमेंट कम्युनिटी’ म्हणून ओळखला जाणारा वसाहतीचा एक नवा प्रकार रूढ झाला. आज महाराष्ट्रातही ज्येष्ठांसाठीची निवासी संकुले वाढत असताना या पहिल्या मोठ्या प्रयोगाचा कारभार समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण अशा वसाहतीत राहणाऱ्याचे सुख तिथल्या इमारतींपेक्षा त्या इमारतींचा कारभार कोण पाहतो यावर अधिक अवलंबून असते, हे सन सिटीच्या साठाहून अधिक वर्षांच्या अनुभवात स्पष्ट दिसते.

केवळ वयस्कांसाठी गाव वसवण्याची कल्पना वेब यांची नव्हती. सन सिटीला लागूनच असलेले यंगटाउन बेन श्लायफर यांनी १९५४ मध्येच त्या हेतूने वसवले होते. अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने निवृत्तिवेतनाची तरतूद झाली होती, दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक कंपन्यांनीही कामगारांना पेन्शन देण्यास सुरुवात केली होती, आणि नोकरी संपल्यानंतर हाताशी थोडा पैसा व बरीच वर्षे असलेला एक मोठा वर्ग प्रथमच तयार झाला होता. मुलानातवंडांपासून दूर, केवळ समवयस्कांच्या गावात माणसे राहायला येतील का, याविषयी त्या काळच्या जाणकारांना शंका होती. वेब यांनी त्या शंकेचे उत्तर बांधकामाच्या क्रमातून दिले: आधी घरे विकून मग सोयींचे आश्वासन देण्याची रीत मोडून त्यांनी करमणूक केंद्र, दुकाने आणि मैदान आधी बांधले, जेणेकरून घर घेणाऱ्याला पुढच्या आयुष्याचे चित्र कागदावर न पाहता प्रत्यक्ष पाहता यावे. ऑगस्ट १९६२ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर वेब यांचे चित्र आले, आणि १९७८ पर्यंत वसाहतीचे बांधकाम पूर्ण होऊन कंपनीने शेजारी सन सिटी वेस्टचे काम हाती घेतले. २०२० च्या जनगणनेत सन सिटीची लोकसंख्या सुमारे ४०,००० होती.

अशा वसाहतीचा पाया वयाच्या अटीवर उभा असतो आणि ही अट जितकी साधी वाटते तितकी ती नाही. अमेरिकेतील घरविषयक समानतेच्या कायद्यात १९८८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मुले असलेल्या कुटुंबांना घर नाकारणे बेकायदा ठरवले, मात्र ज्येष्ठांच्या वसाहतींना त्यातून सूट दिली, आणि १९९५ च्या कायद्याने त्या सुटीच्या अटी सोप्या केल्या. त्यानुसार वसाहतीतील राहत्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत ५५ किंवा त्याहून अधिक वयाची निदान एक व्यक्ती राहत असली पाहिजे, आणि वसाहतीने दर दोन वर्षांनी रहिवाशांच्या वयाची पडताळणी करून तशी नोंद ठेवली पाहिजे. सन सिटीत याखेरीज १९ वर्षांखालील कोणालाही वर्षातून ९० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम करता येत नाही. सुट्टीत नातवंडे येऊ शकतात, पण तिथे वाढू शकत नाहीत. यंगटाउनची वयाची अट मात्र १९९० च्या दशकाच्या अखेरीस एका नातवाच्या वास्तव्यावरून उद्भवलेल्या वादात कायद्याच्या कसोटीवर टिकली नाही आणि ते गाव सर्व वयांच्या लोकांना खुले झाले.

सन सिटीचे खरे वैशिष्ट्य तिच्या प्रशासनात आहे. चाळीस हजार वस्तीच्या या गावाला नगरपालिका नाही, महापौर नाही, नगरसेवक नाहीत. कायद्याच्या दृष्टीने ही मॅरिकोपा काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या प्रशासकीय घटकाच्या, थेट अखत्यारीतील वस्ती आहे. आपली नगरपालिका स्थापन करण्याचा विचार तिथे वेळोवेळी पुढे आला आणि रहिवाशांनी तो स्वीकारला नाही. नगरपालिका नको, तिचा करही नको, पण नगरपालिका करते ती कामे तर व्हायला हवीत, अशा पेचातून या वसाहतीने जो मार्ग काढला तो समाजशास्त्राच्या अभ्यासकाइतकाच सामान्य वाचकालाही विचार करायला लावणारा आहे. सार्वजनिक सोयींची मालकी आणि व्यवस्था ‘रिक्रिएशन सेंटर्स ऑफ सन सिटी’ या ना-नफा संस्थेकडे आहे. वसाहतीत घर घेणारा आपोआप तिचा शुल्क भरणारा सभासद होतो, सभासद मतदानाने संचालक मंडळ निवडतात, आणि सात करमणूक केंद्रे, आठ गोल्फ मैदाने, पोहण्याचे तलाव व कार्यशाळा या सगळ्यांचा खर्च प्रामुख्याने वार्षिक शुल्कातून भागवला जातो. घराची विक्री झाली की नव्या मालकाकडून एक वेगळी रक्कम घेतली जाते आणि ती जुन्या वास्तूंच्या दुरुस्ती व नूतनीकरणासाठी राखून ठेवली जाते. १९६० च्या दशकातल्या इमारती आजही वापरात राहण्याला या राखीव निधीचा मोठा आधार आहे, आणि निवृत्तांच्या कोणत्याही वसाहतीच्या हिशेबात पहिल्यांदा पाहावी अशी बाब म्हणजे असा निधी आहे की नाही हीच होय, कारण रहिवाशांचे उत्पन्न ठरलेले असते आणि इमारत जुनी होत गेली की अचानक येणारा मोठा खर्च त्यांना पेलत नाही.

इथे सुविधा आणि सेवा यांतील फरक लक्षात घ्यावा लागतो. सुविधा ही एकदा बांधून ठेवता येते; पोहण्याचा तलाव, चालण्याचा रस्ता, वाचनालयाची खोली या सुविधा झाल्या. सेवा मात्र रोज नव्याने करावी लागते, तिच्यामागे कोणाचे तरी श्रम असतात आणि ते थांबले की सुविधा असूनही नसल्यासारखी होते. सन सिटीत या श्रमांचा बराच भाग रहिवासी स्वतः उचलतात. लाकूडकाम, धातूकाम, मातीची भांडी, शिवणकाम, रंगीत दगड घासून पैलू पाडणे अशा शंभराहून अधिक छंदांची मंडळे तिथे आहेत. कार्यशाळेतील करवत चालवायला नव्या सभासदाला शिकवण्यापासून ती सुरक्षित वापरली जाते की नाही यावर नजर ठेवण्यापर्यंतची कामे त्या त्या मंडळाचे सभासदच करतात. १९८० मध्ये सुरू झालेले ‘प्राइड्स’ हे स्वयंसेवकांचे पथक रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यांतील झाडांची निगा राखते आणि कचरा वेचते. पोलिसांचे काम काउंटीचा शेरीफ पाहत असला तरी त्याच्या मदतीला रहिवाशांचे एक गणवेशधारी स्वयंसेवक पथक गस्त घालते आणि परगावी गेलेल्यांच्या बंद घरांवर लक्ष ठेवते. घरपोच जेवणाचे डबे देण्याची व्यवस्थाही आहे. आयुष्यभर कारखान्यात, शाळेत किंवा कार्यालयात काम केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत ही जाणीव अशा कामांतून मिळते, आणि ती कोणत्याही गोल्फ मैदानापेक्षा मोलाची आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

बातम्यांची देवाणघेवाण हाही या सेवांचाच भाग मानायला हवा, आणि निवृत्तांच्या वसाहतींविषयीच्या लेखनात त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. कोणता तलाव दुरुस्तीसाठी किती दिवस बंद राहणार आहे, शुल्क वाढवण्याचा प्रस्ताव कोणत्या सभेत येणार आहे, संचालकपदासाठी कोण उभे आहे, कोणत्या मंडळाचे वर्ग सुरू होत आहेत, ही माहिती ज्या वसाहतीत वेळेवर आणि सर्वांपर्यंत पोहोचते तिथेच रहिवासी खऱ्या अर्थाने सभासद असतात. जिथे ती व्यवस्थापनाच्या कार्यालयातच अडून राहते तिथे ते केवळ ग्राहक उरतात. सन सिटीत करमणूक संस्था आपले मासिक वार्तापत्र काढते आणि स्थानिक वृत्तपत्रेही वसाहतीच्या घडामोडी छापत आली आहेत. वयोवृद्धांच्या बाबतीत या माहितीचे माध्यमही महत्त्वाचे ठरते. डोळे अधू झालेल्याला मोठ्या अक्षरांतील छापील पत्रक लागते, ऐकू कमी येणाऱ्याला ध्वनिक्षेपकावरची घोषणा उपयोगाची नसते, आणि केवळ मोबाइलवर पाठवलेली सूचना ज्याला मोबाइल हाताळता येत नाही त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

या प्रयोगाच्या उणिवा गंभीर आहेत आणि त्यांची दखल न घेता त्याचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सन सिटीचे रहिवासी जवळजवळ सगळे गौरवर्णीय होते आणि आजही त्यांचेच प्राबल्य आहे. शेजारच्या पिओरिया शाळा-विभागात सन सिटीचा समावेश असताना शाळांच्या इमारतींसाठी कर्जरोखे काढण्याचे प्रस्ताव रहिवाशांनी मतदानात वारंवार फेटाळले, इतके की १९७० च्या दशकात वसाहतीला त्या शाळा-विभागातून वगळण्यात आले. ज्यांची मुले शिकून मोठी झाली त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांच्या शाळेसाठी कर भरावा की नाही, हा प्रश्न समवयस्कांच्या गावात किती एकतर्फी सुटतो याचे हे उदाहरण आहे, आणि पिढ्यांची सरमिसळ संपल्यावर समाजाचे काय हरवते हेही त्यातून कळते.

दुसरी उणीव शुश्रूषेची. सन सिटीची आखणी साठीच्या आसपासच्या, हिंडत्याफिरत्या माणसांसाठी झाली होती. तीच माणसे पंचाऐंशीची झाली तेव्हा त्यांच्या गरजा बदलल्या. १९७० मध्ये तिथे बॉसवेल रुग्णालय सुरू झाले, पण रुग्णालयाने उपचार होतात, रोजचा आधार मिळत नाही. या गरजेला उत्तर देणारा वसाहतीचा वेगळा प्रकार अमेरिकेत ‘सातत्यपूर्ण शुश्रूषेची वसाहत’ म्हणून विकसित झाला. त्यात एकाच आवारात स्वतंत्र घरे, आंघोळ-कपडे-औषधे यांत मदत मिळणारी घरे, स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीचा विभाग आणि परिचारिकांच्या देखरेखीखालील विभाग असतो, आणि रहिवासी प्रकृतीप्रमाणे एकातून दुसऱ्यात जातो. प्रवेशाच्या वेळी मोठी रक्कम आणि नंतर मासिक शुल्क भरावे लागते, त्यामुळे ती चालवणारी संस्था आर्थिक अडचणीत आली तर रहिवाशाची आयुष्यभराची पुंजी धोक्यात येते.

महाराष्ट्रात हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत भारतातील साठ वर्षांवरील लोकांची संख्या सुमारे १०.४ कोटी होती आणि महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा जास्त होते. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांच्या क्षमतेचा वृद्धाश्रम असावा अशी तरतूद केली, पण ती गरजूंसाठीची आहे. स्वतःच्या पैशाने घर घेऊन समवयस्कांत राहू इच्छिणाऱ्या मध्यमवर्गीयांसाठी पुण्यात ‘अथश्री’सारखे प्रकल्प उभे राहिले, आणि परदेशी गेलेल्या मुलांच्या आईवडिलांनाही असे पर्याय जवळचे वाटू लागले.

कायद्याने या घरांची दखल घेतली आहे, मात्र ती प्रामुख्याने बांधकामाच्या अंगाने. महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, मे २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांकरिता किमान निकष बंधनकारक केले: एकाहून अधिक मजले असल्यास लिफ्ट, चाकांची खुर्ची सहज जाईल असे ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, जिन्याला दोन्ही बाजूंनी धरायला कठडे, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या व न घसरणारी फरशी, आणि संकटात मदत मागण्यासाठी घंटा. पडून मोडलेले हाड ज्या वयात माणसाला अंथरुणाला खिळवते त्या वयासाठी यातील प्रत्येक बाब आवश्यक आहे. पण ती घंटा वाजल्यावर रात्री दोन वाजता कोण येणार, हे दरवाज्याच्या रुंदीवरून ठरत नाही. केंद्राच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये काढलेल्या आदर्श मार्गदर्शक तत्त्वांत विकासक, घर घेणारा आणि सेवा पुरवणारी संस्था यांच्यात त्रिपक्षीय करार असावा असे सुचवले आहे, आणि मुद्द्याचे मर्म तिथेच आहे.

सर्वसाधारण गृहनिर्माण सोसायटीत निवडून आलेली समिती आणि वार्षिक सर्वसाधारण सभा असते, पाणी आले नाही तर कोणाला जाब विचारायचा हे सभासदाला ठाऊक असते. ज्येष्ठांच्या संकुलात मात्र भोजनगृह, परिचारिका, सफाई, रुग्णवाहिका या सेवा बहुधा एका वेगळ्या कंपनीकडे असतात, तिचे मासिक शुल्क सोसायटीच्या मेंटेनन्सहून निराळे असते, आणि ते दरवर्षी किती वाढू शकते, कंपनी बदलण्याचा अधिकार रहिवाशांना आहे का, जोडीदाराच्या निधनानंतर एकट्या राहिलेल्या व्यक्तीला दोघांचे शुल्क भरावे लागते का, अंथरुणाला खिळलेल्या रहिवाशाला त्याच घरात राहता येते की दुसरीकडे हलवले जाते, ही कलमे करारात असतील तरच त्यांवर भिस्त ठेवता येते. घर पाहायला जाणारे कुटुंब उद्यान आणि योगवर्गाची खोली पाहून येते. त्याच फेरीत गेल्या वर्षाचा सेवाखर्चाचा हिशेब, रहिवाशांच्या शेवटच्या सभेचे इतिवृत्त आणि सूचना फलकावर त्या आठवड्यात लावलेले कागद पाहायला मागितले, तर संकुल कोणाच्या हातात आहे याचे उत्तर पुष्कळसे तिथेच मिळू शकते.