छोटे प्रकाशक, मोठी झेप!

हासनच्या वकीलबाईंच्या कन्नड कथा लंडनला पोहोचल्या... पण कुणाच्या हिमतीवर?

२० मे २०२५ची रात्र. लंडनच्या टेट मॉडर्न कलादालनात आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाची घोषणा झाली आणि इकडे बेंगळुरूत कन्नड वाचकांना अस्मान ठेंगणं झालं. बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला पहिला मान! कन्नड भाषेला हे पारितोषिक प्रथमच मिळालं, आणि कथासंग्रहालाही प्रथमच.

तेव्हा सत्त्याहत्तरीत असलेल्या बानूबाई राहतात बेंगळुरूपासून सुमारे १८० किलोमीटरवरच्या हासनला. पेशानं वकील. ऐंशीच्या दशकात त्या ‘लंकेश पत्रिके’साठी बातमीदारी करत. पी. लंकेश यांनी १९८० साली बेंगळुरूत सुरू केलेलं हे साप्ताहिक जाहिराती न घेता निव्वळ वाचकांच्या पैशावर चालत असे. मुस्लिम बायकांची घुसमट बानूबाईंनी कथांतून मांडली. त्यांना धमक्या आल्या, बहिष्कारही सोसला.

मडिकेरीच्या दीपा भास्ती यांनी त्यातल्या १२ कथा निवडून इंग्रजीत नेल्या. तळटीपा नाहीत, कन्नड-उर्दू शब्दांना तिरका टाइप नाही. वाचकानं थोडे कष्ट घ्यावेत, हा त्यांचा आग्रह! पारितोषिकाचे ५० हजार पौंड लेखिका आणि अनुवादिका यांच्यात निम्मे-निम्मे वाटले गेले.

आता खरी गंमत. इंग्लंडमध्ये हे पुस्तक काढलं ते कुण्या बड्या कंपनीनं नव्हे, तर शेफिल्ड शहरातल्या ‘अँड अदर स्टोरीज’ या छोट्या प्रकाशनानं. यांचे वर्गणीदार आधी पैसे भरतात, मग पुस्तक छापलं जातं. मागच्या पानांवर त्या वर्गणीदारांची नावं! २०२२ साली गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीला बुकर मिळालं, तेव्हाही प्रकाशक छोटाच होता : लंडनचा ‘टिल्टेड अ‍ॅक्सिस’. डेबोरा स्मिथ या अनुवादिकेनंच तो उभा केलेला.

बेंगळुरूतही अशी जिद्द आहे. सॉफ्टवेअरची नोकरी केलेल्या वसुधेंद्र यांनी ‘छंद पुस्तक’ हे प्रकाशन काढलं आणि नवख्या कथाकारांना दार उघडून दिलं. त्यांचा स्वतःचा ‘मोहनस्वामी’ही तिथूनच २०१३ साली निघाला, पुढे इंग्रजीत गेला.

आपल्याला यात नवल वाटायला नको. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठी घराघरांत पोहोचल्या त्या पुण्याच्या उमा कुलकर्णी यांच्यामुळे. कन्नड कळे, पण लिपी वाचता येत नसे. पती विरुपाक्ष पुस्तक वाचून टेप करत. उमाताई ते ऐकत ऐकत मराठीत लिहीत. विरुपाक्षही मराठी पुस्तकं कन्नडमध्ये नेऊ लागले. एका घरात दुहेरी वाहतूक!

मोठ्या प्रकाशकाला आधी खपाचा हिशेब दिसतो. अनोळखी मुलखाचं पुस्तक कुणी तरी वेडं माणूसच काढतं. पण त्याचाही छापखाना उधारीवर किती दिवस चालणार? आधी वर्गणी भरणारे वाचक शेफिल्डला मिळाले, लंकेशना बेंगळुरूत मिळाले. मराठीतही असं एखादं वेडं माणूस उभं राहील... त्याच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर आपलं नाव असेल?