मेगापिक्सेल किती, त्यापेक्षा प्रकाश किती?

कॅमेऱ्याच्या अंतरंगात : लेखांक ४

२०१२ साली दोन कॅमेरे गाजले. फेब्रुवारीत नोकियाने ‘८०८ प्युअरव्ह्यू’ हा ४१ मेगापिक्सेलचा फोन जगापुढे आणला. ऑगस्टमध्ये नासाची ‘क्युरिऑसिटी’ गाडी मंगळावर उतरली. तिच्या मुख्य कॅमेऱ्यांची क्षमता होती अवघी २ मेगापिक्सेल. तरीही मंगळाची खडा न् खडा दाखवणारी विस्तीर्ण दृश्ये आपण पाहिली, ती याच कॅमेऱ्यांनी टिपलेले अनेक फोटो एकमेकांना जोडून तयार झालेली. आणि ४१ मेगापिक्सेलचा तो फोन? त्याचा नेहमीचा फोटो साठवला जाई ५ मेगापिक्सेलमध्येच. हाताशी एवढे पिक्सेल असताना ते एकत्र करून कमी करावेत असे त्याच्या अभियंत्यांना का वाटले? या प्रश्नाच्या उत्तरातच आजचा विषय आहे.

सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाचे विजेत रूपांतर कसे होते, ते मागच्या लेखात आपण पाहिले. सेन्सरवर प्रकाश मोजणारे असंख्य बारीक चौकोन असतात. असा एक चौकोन म्हणजे एक पिक्सेल आणि असे दहा लाख चौकोन म्हणजे एक मेगापिक्सेल. आडवे ४००० आणि उभे ३००० पिक्सेल असले की झाले १२ मेगापिक्सेल. म्हणजे हा आकडा फक्त सेन्सरचे किती भाग केले एवढेच सांगतो. ताटात थापलेल्या वडीचे पन्नास तुकडे पाडा की दोनशे, ताटातली वडी वाढत नाही, प्रत्येक तुकडा मात्र लहान होतो. सेन्सरचेही तेच आहे. त्याचा आकार तोच ठेवून पिक्सेल वाढवले की एकेका पिक्सेलच्या वाट्याला येणारा प्रकाश कमी होतो.

आपल्याला लागतात किती?

फुल एचडी पडद्यावर सुमारे २ मेगापिक्सेल असतात, फोर-के टीव्हीवर सुमारे ८.३. चार बाय सहा इंचांचा प्रिंट दर इंचाला ३०० ठिपके या उत्तम दर्जाने काढायचा तरी २.२ मेगापिक्सेल पुरतात. ए-४ आकाराच्या पूर्ण पानाला पावणेनऊ लागतात. त्यापुढचे पिक्सेल या पडद्यांवर किंवा प्रिंटवर वेगळे दिसण्याची सोयच नसते.

आकडा दुप्पट झाला म्हणजे तपशील दुप्पट झाला, हाही समज चुकीचा आहे. पिक्सेल लांबी आणि रुंदी अशा दोन्ही दिशांना पसरलेले असतात. त्यामुळे १२ चे २४ मेगापिक्सेल झाले, तर प्रत्येक दिशेने वाढ होते ती फक्त १.४ पट. प्रत्येक दिशेने दुप्पट बारकावा हवा असेल, तर ४८ मेगापिक्सेल लागतील.

अंधारात काय होते?

प्रकाश फोटॉनच्या रूपात येतो आणि फोटॉन कधीच अगदी समान संख्येने येत नाहीत. या चढउताराचे गणित ठरलेले आहे. तो संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. एका पिक्सेलवर १०,००० फोटॉन येणार असतील तर चढउतार सुमारे १०० चा, म्हणजे १ टक्का. तो डोळ्यांना जाणवत नाही. पण १०० च येणार असतील तर चढउतार १० चा, म्हणजे तब्बल १० टक्के. संध्याकाळी घरात काढलेल्या फोटोत सावलीच्या भागात जे रंगीबेरंगी दाणे दिसतात, त्यांचे मोठे कारण हेच.

कॅननने या कारणासाठी एकदा जाहीरपणे माघार घेतली. २००८ च्या ‘पॉवरशॉट जी-१०’ मध्ये १४.७ मेगापिक्सेल होते. पुढच्याच वर्षीच्या ‘जी-११’ मध्ये सेन्सरचा आकार तोच राहिला आणि मेगापिक्सेल उतरले १० वर. एकेका पिक्सेलचे क्षेत्रफळ जवळपास दीडपट झाले आणि कमी उजेडातली कामगिरी सुधारली. आयफोनचेही उदाहरण बोलके आहे. २०१५ ते २०२१ या काळातल्या प्रमुख मॉडेलांत मुख्य कॅमेरा १२ मेगापिक्सेलचाच राहिला, पण रात्रीचे फोटो पार पालटले. कारण सुधारले ते सेन्सर, लेन्स आणि फोटोवर होणारी संगणकीय प्रक्रिया.

लेन्सची मर्यादा

प्रकाश लहान छिद्रातून जाताना थोडा पसरतो. त्यामुळे अत्यंत निर्दोष लेन्ससुद्धा एका बिंदूची प्रतिमा बिंदूएवढी करू शकत नाही, तिची बारीक चकती होते. एफ/१.८ च्या लेन्सने हिरव्या प्रकाशात होणारी ही चकती सुमारे २.४ मायक्रॉनची असते. २०० मेगापिक्सेलच्या फोनमधल्या पिक्सेलची रुंदी असते जेमतेम ०.६ मायक्रॉन. म्हणजे एकच बिंदू आडव्या ओळीतल्या चार पिक्सेलवर पसरतो. लेन्सने न दिलेला बारकावा सेन्सर कुठून आणणार?

म्हणूनच असे फोन १६ शेजारी पिक्सेलांचा प्रकाश एकत्र करून १२.५ मेगापिक्सेलचा फोटो देतात. नोकियाच्या अभियंत्यांनी केले तेही याच जातीचे काम. यात फसवणूक नाही. भर उन्हात सगळे पिक्सेल स्वतंत्र वापरता येतात, उजेड कमी झाला की त्यांची जूट करता येते. मात्र खोक्यावरचा २०० हा आकडा पाहून १६ पट सुंदर फोटोची अपेक्षा ठेवू नये.

जास्त मेगापिक्सेल खरोखर कधी हवेत?

भिगवणला दूरवर उभ्या रोहित पक्ष्याचा फोटो कापून मोठा करायचा असेल, भिंतभर प्रिंट काढायचा असेल किंवा जुन्या पोथीचे पान जतन करायचे असेल, तेव्हा जादा पिक्सेल सोन्याच्या मोलाचे ठरतात, पण सोबत मोठा सेन्सर आणि उत्तम लेन्स हवी. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेचा कॅमेरा ३२०० मेगापिक्सेलचा आहे. पण त्याचा प्रत्येक पिक्सेल १० मायक्रॉनचा आहे आणि त्याला प्रकाश पुरवणारा आरसा ८.४ मीटर व्यासाचा.

म्हणून कॅमेरा किंवा फोन घेताना आधी सेन्सरचा आकार विचारा. तो १/१.३ इंच, १/२.५५ इंच असा लिहिलेला असतो आणि त्यात खालचा आकडा जितका लहान, तितका सेन्सर मोठा. मग लेन्सचा एफ आकडा पाहा, हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय आहे का ते पाहा. जमल्यास दुकानातल्या कमी उजेडाच्या कोपऱ्यात हलत्या माणसाचा फोटो काढा आणि मोठा करून तपासा. मेगापिक्सेलचा आकडा शेवटी वाचा. बारा असेल तरी बहुतेक घरांची गरज भागते. वाचलेले पैसे मोठ्या सेन्सरवर किंवा चांगल्या लेन्सवर घाला, त्यांचा फायदा प्रत्येक फोटोत दिसेल.

(पुढील आठवड्यात : लेन्सवरचा ‘एफ’ आकडा काय सांगतो?)