गोळी मांडवात आली कशी?

१६ फेब्रुवारी २०२५ची रात्र. नोएडाच्या आगाहपूर गावात गुरुग्रामहून वरात आली होती. नोएडातली अशी जुनी गावे आता चारी बाजूंनी सेक्टरांनी वेढली गेली आहेत. गल्ल्या अरुंद, घराला घर टेकलेले, आणि वाजंत्री ऐकू आली की सगळी आळी बाल्कनीत. एक बाप अडीच वर्षांच्या लेकाला वरात दाखवायला असाच बाहेर येऊन उभा राहिला. खाली कोणीतरी आनंदाच्या भरात बार काढला. गोळी वर गेली आणि त्या पोराच्या डोक्यात शिरली.

दिल्लीच्या हिंदी वर्तमानपत्रांत या प्रकाराचा मथळा ठरलेला असतो: ‘हर्ष फायरिंग’. खालचा मजकूरही ठरलेला: झाडणारा पसार, हत्यार परवान्याचे की गावठी कट्टा याचा तपास चालू. वरात कोणाची, मांडव कोणाचा, पाहुण्याच्या कमरेला पिस्तूल आहे हे किती जणांना ठाऊक होते, याबद्दल बातमी गप्प असते. कज्जा कोर्टात गेला तरी बहुतेकदा तिथेही हीच गत. चाप ओढणारे बोट सापडले की सगळ्यांना हायसे वाटते.

आपल्याकडे वरातीत डॉल्बी आणि बेंजो असतो, फार तर कोणी नाचता नाचता गटारात पडतो. दिल्लीभोवतीच्या पट्ट्यात, म्हणजे पश्चिम उत्तर प्रदेश आणि हरियाणाच्या कुशीत, बंदूक ही घराण्याच्या प्रतिष्ठेची वस्तू आहे. जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर ती प्रतिष्ठा फार्महाउसांतून मिरवायची सोय झाली. ३१ डिसेंबर २०१८च्या रात्री दक्षिण दिल्लीतल्या फतेहपूर बेरीच्या एका फार्महाउसवर नववर्षाच्या जल्लोषात गोळी लागून एक वास्तुविशारद महिला गेली. अटक झाली ती बिहारच्या एका माजी आमदाराला. त्याआधी, नोव्हेंबर २०१६मध्ये, कर्नालच्या एका लग्नात स्वतःला साध्वी म्हणवणाऱ्या बाईवर आणि तिच्या अंगरक्षकांवर गोळीबाराचा गुन्हा नोंदला गेला. नवरदेवाची मावशी जागच्या जागी गेली. त्याचे चित्रण देशभर फिरले, कारण कॅमेरा आधीपासून चालूच होता.

हा कॅमेरा मला महत्त्वाचा वाटतो. या लग्नांत स्टेज असते, दिवे असतात, क्रेनवरचा कॅमेरा असतो, गाणे ठरलेले असते आणि गाण्याच्या कोणत्या ओळीला हात वर जाणार हेही ठरलेले असते. २०२५मध्ये हरियाणा पोलिसांनी बंदुकीचा तोरा मिरवणारी गाणी इंटरनेटवरून उतरवायला घेतली, ती उगाच नव्हे. मांडवाचा सेट झालेला असतो. फरक एवढाच, की सेटवर काडतूस खोटे असावे अशी निदान अपेक्षा तरी असते.

तिथेही ती पुरी होतेच असे नाही. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या बोनान्झा क्रीक रँचवर ‘रस्ट’ या चित्रपटाची तालीम चालू होती. सहायक दिग्दर्शकाने ‘कोल्ड गन’ असे पुकारले, म्हणजे बंदूक रिकामी आहे असे सांगितले, आणि ती अभिनेता अलेक बाल्डविनच्या हाती गेली. त्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली. छायाचित्रकार हलायना हचिन्स मरण पावली, दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाला. सेटवर आणखीही जिवंत काडतुसे सापडली.

त्यानंतरचा जबाबदारीचा हिशेब बघण्यासारखा आहे. शस्त्रे सांभाळणारी हॅना गुटिएरेझ-रीड तेव्हा २४ वर्षांची होती. मार्च २०२४मध्ये ती सदोष मनुष्यवधात दोषी ठरली आणि पुढे तिला १८ महिन्यांची शिक्षा झाली. सहायक दिग्दर्शक डेव्हिड हॉल्सने तडजोड केली आणि सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर सुटला. बाल्डविन निर्मात्यांपैकीही एक होता. त्याचा खटला जुलै २०२४मध्ये न्यायाधीशांनी काढून टाकला, पण निर्दोष ठरवून नव्हे, तर काडतुसांबाबतचा पुरावा सरकार पक्षाने बचाव पक्षापासून दडवला म्हणून. निर्मिती कंपनीला कामगार-सुरक्षा खात्याने १,३६,७९३ डॉलरचा दंड ठोठावला, तोही पुढे तडजोडीत एक लाखावर आला. त्या खात्याचा अहवाल मात्र सगळ्या खटल्यांपेक्षा बोलका आहे. सेटवर याआधीही चुकून बार उडाले होते, व्यवस्थापनाला ते माहीत होते आणि त्यांनी काही केले नाही. हॅनाला शस्त्रांबरोबर प्रॉपर्टीचेही काम करायला लावले होते. कॅमेरा विभागातले काही जण राहण्याची आणि पगाराची आबाळ होते म्हणून त्याच सकाळी सेट सोडून गेले होते. पैसे वाचवायचे निर्णय वरच्या मजल्यावर झाले, तुरुंगात गेली ती सगळ्यात खालच्या पायरीवरची पोरगी. तिची चूक होतीच. पण ती एकटीचीच होती हे मला पटत नाही.

ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली ज्या तऱ्हेने गेला, ती तर एखाद्या कारखान्यातल्या अपघातासारखी आहे. १९९३ साली ‘द क्रो’च्या सेटवर जवळून दाखवायला खोटी काडतुसे हवी होती. खऱ्या काडतुसांतली दारू काढून पुढची शिशाची गोळी परत बसवली गेली, पण बुडाची स्फोटक टोपी तशीच राहिली. घोडा पडला तेव्हा टोपीच्या तेवढ्याशा जोराने गोळी सुटी होऊन नळीत अर्ध्यावर अडकली. कोणी नळीतून सळई फिरवून बघितले नाही. नंतरच्या एका दृश्यात त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये बिनगोळीचे, नुसत्या दारूचे काडतूस भरले गेले. दारू पेटली, अडकलेली गोळी नळीबाहेर पडली आणि समोरच्या नटाच्या पोटात गेली. चाप ओढणाऱ्या सहकलाकाराला दोष द्यायचे कोणाच्या मनातही आले नाही. पण मग दोष कोणाचा? सरकारी वकिलाने कोणावरच गुन्हा लावला नाही.

आपल्या चित्रपटसृष्टीत या जातीचे अपघात फारसे गाजलेले नाहीत. त्याचे श्रेय शिस्तीला देण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या बंदुका बहुतेक नकली असतात आणि नळीतला जाळ मागाहून संगणकावर चढवला जातो. नकली माल इतका हुबेहूब, की २०१९मध्ये एका मोठ्या चित्रपटाचे दोन ज्युनियर आर्टिस्ट दहशतवाद्यांच्या वेशात वसईत सिगारेट घ्यायला उतरले आणि पोलिसांची पळापळ झाली. पण जिथे धोका खरा असतो तिथे आपली अवस्था बघा. नोव्हेंबर २०१६मध्ये बेंगळुरूजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात ‘मास्तिगुडी’ या कन्नड चित्रपटासाठी खलनायकांचे काम करणाऱ्या दोन नटांनी हेलिकॉप्टरमधून उडी मारली. नायकाला लाइफ जॅकेट होते, त्यांना नव्हते. दोघेही बुडाले. तिथे मात्र निर्माता, दिग्दर्शक आणि फाइट मास्टर यांच्यावर गुन्हा दाखल झाला. पाण्यात बोट कोणाचे शोधणार? पाण्याला चाप नसतो, म्हणून पोलिसांना वर बघावे लागले.

आपल्या कायद्याची नजर बोटावरच का खिळते याची मुळे मुंबईत सापडतात. १९०२ साली ओंकार रामप्रताप खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी कसोटी घालून दिली: निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा सिद्ध व्हायला आरोपीचे कृत्य हे मृत्यूचे थेट आणि निकटचे कारण असले पाहिजे, साखळीतली एखादी लांबची कडी असून भागणार नाही. १९६५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कसोटी मुंबईच्या एका रंगाच्या कारखान्यावर लावली. तिथे एका कामगाराने गरम राळ निवण्याआधीच तिच्यात टर्पेंटाइन ओतले, फेस उसळून पेट घेतला आणि सात कामगार दगावले. रंगाच्या सामानाशेजारी उघडे बर्नर लावायची मुभा व्यवस्थापक कुर्बान हुसेन रंगवाला यांनी दिली होती. आगीबाबतच्या हयगयीचा दोष त्यांच्यावर राहिला, मृत्यूंच्या आरोपातून ते सुटले. थेट कारण म्हणजे घाई करणारा कामगार.

हा निकाल मांडवाच्या मालकाला किती सोयीचा आहे, हे वेगळे सांगायला नको. बर्नर लावू देणारा सुटतो, तर पिस्तूल आत येऊ देणारा का सुटू नये?

याचे उत्तर दिल्लीतच आहे, ग्रीन पार्कमध्ये. १३ जून १९९७ रोजी ‘उपहार’ चित्रपटगृहात ‘बॉर्डर’चा पहिला दिवस होता. तळमजल्यावर दिल्ली विद्युत बोर्डाचा ट्रान्सफॉर्मर होता. त्याची सकाळी केलेली दुरुस्ती धड नव्हती. संध्याकाळी तो पेटला, शेजारच्या मोटारी पेटल्या, धूर जिन्याने वर चढला. ५९ माणसे गुदमरून मेली, शंभराहून जास्त जखमी झाली. मालक अन्सल बंधूंचा बचाव रंगवालांच्या वळणाचाच होता: आग आम्ही लावली नाही, दुरुस्ती बोर्डाची. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. टी. एस. ठाकूर यांनी लिहिलेल्या निकालाने तो बचाव मोडून काढला. माणसे आगीने मेली नाहीत, वेळेत बाहेर पडता आले नाही म्हणून मेली, आणि बाल्कनीतली वाट जादा खुर्च्या आणि खासगी बॉक्स घालून ज्यांनी अडवली त्यांचे ते कृत्यच मृत्यूचे थेट कारण, असे न्यायालयाने म्हटले. जेन्किन्सची कसोटी तशीच ठेवून न्यायालयाने फक्त प्रश्न बदलला. शिक्षेच्या बाबतीत पुढे काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. २०१५मध्ये प्रत्येकी ३० कोटींचा दंड भरून सुटका, आणि २०१७च्या फेरविचारात धाकट्याला एका वर्षाची कैद, थोरल्याला वयाची सवलत. नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती या दोन मुले गमावलेल्या आईबापांनी वीस वर्षे कोर्टाचे उंबरे झिजवले त्याचे एवढेच फळ. तरी तत्त्व उरले: जागा ज्याच्या ताब्यात, बाहेर पडायची वाट ही त्याची जबाबदारी.

लग्नातल्या गोळीबारात मात्र न्यायालयाने आजवर मुख्यतः झाडणाऱ्याचाच विचार केला आहे. मार्च २०२०मध्ये भगवान सिंग विरुद्ध उत्तराखंड राज्य या प्रकरणात शरद बोबडे, भूषण गवई आणि सूर्य कांत यांच्या पीठाने खुनाची शिक्षा बदलून सदोष मनुष्यवधाची दहा वर्षे केली. २००७ साली आरोपीच्या स्वतःच्या मुलाच्या लग्नात गोळीबार झाला होता आणि दोघे मेले होते. स्वसंरक्षणासाठी किंवा पीक-गुरांच्या राखणीसाठी मिळालेली बंदूक समारंभात चालवता येत नाही, लग्नात तर नाहीच, असे पीठाने बजावले. या खटल्यात एक विचित्र योगायोग आहे. यजमान आणि झाडणारा एकच. त्यामुळे यजमानाची म्हणून वेगळी जबाबदारी किती, हा प्रश्न सोडवायची वेळच आली नाही.

संसदेनेही तो टाळला. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार लग्नात, मिरवणुकीत बार काढला तर परवाना जाऊ शकतो. डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्याच्या कलम २५मध्ये जल्लोषातल्या गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा घातली. ती कोणाला? बंदूक चालवणाऱ्याला. यजमान, बँक्वेट हॉलचा मालक, ऑर्केस्ट्राचा ठेकेदार यांचा उल्लेखही नाही. गेटवर ‘हर्ष फायरिंग दंडनीय अपराध है’ अशी पाटी लावली की हॉलवाल्याचे हात धुतले जातात. पाटीखालून पिस्तुले आत जातात, कारण कमरेला पिस्तूल असलेला पाहुणा बहुधा नवऱ्या मुलाचा मामा किंवा नगरसेवक असतो. त्याला अडवायची छाती बारा हजारांवर ठेवलेल्या दरवानाला कुठून येणार?

त्याला ती छाती कायद्यानेच द्यावी लागेल. हॉलच्या परवान्यात अट हवी: दारात हत्यार जमा, पावती आणि नोंदवही, आणि आत गोळी सुटली तर हॉल सील. यजमानाचे नाव पहिल्याच फिर्यादीत यायला हवे; तो निर्दोष असेल तर ते त्याने दाखवावे. सेटवरही काही वेगळे नको. हत्यारांची वही शस्त्र सांभाळणाऱ्याने भरावी, पण खाली सही निर्मात्याची असावी. शस्त्र सांभाळणाऱ्याला दुसरे काम देता येऊ नये. हे महागात पडते, हे खरे. ‘रस्ट’मध्ये नेमका तोच पैसा वाचवला गेला.

दिल्लीच्या दाराशी आता यमुना एक्स्प्रेसवेच्या सेक्टर २१मध्ये हजार एकरांच्या नव्या फिल्म सिटीचा प्रकल्प आहे. पहिला टप्पा २३० एकरांचा, ठेका निर्माते बोनी कपूर यांच्या कंपनीच्या समूहाकडे. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत दृक्‌श्राव्य निर्मितीतल्या कामगारांना जागा आहे, नर्तकांनाही. म्हणजे सेटवर नाचणारी मुलगी मालकाच्या सुरक्षेच्या कर्तव्यात येते. मांडवात नाचणारीचे काय? ३ डिसेंबर २०१६ रोजी पंजाबात भटिंड्याजवळच्या मौड मंडीत एका लग्नाच्या स्टेजवर नाचणारी तरुणी गोळी लागून जागीच कोसळली. गोळी पाहुण्याने झाडली होती. ती मात्र तिथे पाहुणी नव्हती, ठेकेदाराने आणलेली कामकरीण होती. तिच्या मृत्यूचा हिशेब शस्त्र कायद्याबरोबर कामगार कायद्यानेही मागायला हवा, आणि तो मागायचा तर पहिली नोटीस जायला हवी ठेकेदाराच्या आणि यजमानाच्या घरी.