परभक्षी कोळी आणि पांढरी माशी

नेकनूर आणि बीड जिल्ह्याच्या इतर भागांत कापूस, भेंडी, वांगी यांच्या पानांच्या खालच्या बाजूस बसून रस शोषणारी पांढरी माशी शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे; मात्र ‘कोळी’ म्हटले की पिकाचे नुकसान करणारी लाल कोळी हीच कीड डोळ्यांपुढे येत असल्यामुळे, कोळ्यांकडून माशीचा बंदोबस्त करून घेण्याची कल्पना अनेकांना विसंगत वाटते. वस्तुतः कोळी हा आठ पायांच्या सूक्ष्म जीवांचा मोठा गट असून त्यातील काही जाती परभक्षी (इतर जीवांना खाऊन जगणाऱ्या) आहेत. त्यांपैकी अँब्लिसियस स्विर्स्की ही पूर्व भूमध्य प्रदेशातील जात माशीची अंडी व लहान पिल्ले खाते आणि भक्ष्य नसताना परागकणांवर तग धरते. म्हणून २००५ च्या सुमारापासून युरोपातील हरितगृहांत जैविक नियंत्रणासाठी (सजीव शत्रूंकरवी किडीची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी) तिचा वापर होत आहे.

हे कोळी सोडताच औषधासारखा परिणाम दिसतो, हा दुसरा गैरसमज होय. त्यांचे कार्य विरजणासारखे असते: वेळेवर घातलेले थोडे विरजण वाढत जाऊन दुधाचे दही करते, परंतु नासलेले दूध सुधारू शकत नाही. प्रौढ माश्यांवर त्यांचा विशेष प्रभाव पडत नाही, कोरड्या हवेत त्यांची अंडी सुकतात आणि टोमॅटोच्या चिकट केसांमुळे त्यांना वावरणे कठीण जाते. त्यामुळे मराठवाड्यातील उघड्या शेतातल्या कापसापेक्षा शेडनेटमधील ढोबळी मिरची त्यांना अधिक अनुकूल ठरते; तेथेही त्यांना मारक ठरणारी कीटकनाशके टाळणे आवश्यक असते.