गॅमा प्रारणाचा प्लास्टिकच्या मजबुतीवर होणारा परिणाम

इंजेक्शनची सिरिंज वेष्टनात बंद केल्यानंतर गॅमा किरणांनी निर्जंतुक करता येते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रॉम्बे येथील ‘आयसोमेड’ प्रकल्पात १९७४ मध्ये हे काम सुरू झाले. किरणांचा स्रोत कोबाल्ट-६० हा असतो आणि नेहमीची मात्रा २५ किलोग्रे असते. या मात्रेने जंतू मरतात. पण सिरिंजच्या प्लास्टिकचे काय होते, ते या पाठात पाहू.

१. ऊर्जा कुठे जाते?

१ ग्रे म्हणजे दर किलोग्रॅमला १ जूल ऊर्जा. २५ किलोग्रेने पॉलिप्रॉपिलीनचे तापमान फार तर १३ अंशांनी वाढेल. म्हणजे नुकसान उष्णतेने होत नाही. किरणांमुळे रेणूंतील रासायनिक बंध तुटतात आणि अत्यंत क्रियाशील असे मुक्त मूलक तयार होतात.

२. दोन विरुद्ध प्रक्रिया

• आडबंध: शेजारच्या दोन साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. पदार्थ उष्णतेत टिकतो, वितळून वाहत नाही. पॉलिइथिलीनमध्ये हे प्रामुख्याने घडते. केबलच्या आवरणासाठी त्याचा मुद्दाम उपयोग करतात.
• साखळीभेद: लांब साखळ्यांचे तुकडे होतात आणि पदार्थ ठिसूळ होतो. टेफ्लॉन काही किलोग्रे मात्रेतच कमजोर होते.

दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी चालू असतात. वरचढ कोणती, हे रेणूच्या रचनेवर ठरते. पॉलिस्टायरीनमधील बेंझीन वलय शोषलेली ऊर्जा विखरून टाकते, म्हणून ते बरेच टिकाऊ ठरते.

३. ऑक्सिजन आणि काळ

पॉलिप्रॉपिलीनच्या स्फटिकमय भागात अडकलेले मूलक महिनोन्‌महिने टिकतात. हवेतील ऑक्सिजन हळूहळू आत शिरून त्यांच्याशी संयोग पावतो आणि साखळ्या तुटत राहतात. स्फटिकांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या साखळ्या तुटल्या की पदार्थ ताण सोसू शकत नाही. म्हणून निर्जंतुकीकरणाच्या दिवशी चाचणीत उत्तीर्ण झालेली सिरिंज काही महिन्यांनी दट्ट्या दाबताना तडकू शकते. यावर उपाय म्हणून प्लास्टिकमध्ये ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये मिसळतात.

४. चाचणी कशी करावी?

केवळ ताणसामर्थ्य मोजून भागत नाही. ठिसूळपणा सहसा आधी दिसतो तो तुटेपर्यंत होणाऱ्या लांबीवाढीत. ती प्रारणापूर्वी, प्रारणानंतर लगेच आणि साठवणुकीच्या मुदतीअखेर, अशी तीनदा मोजा. एकूण मात्रा तीच असली, तरी ती सावकाश दिल्यास ऑक्सिजनला जास्त वेळ मिळतो. म्हणून मात्रेचा दरही नोंदवा.

स्वाध्याय

१. पॉलिइथिलीनची वस्तू हवेत आणि नायट्रोजनमध्ये प्रारित केल्यास कोणता फरक अपेक्षित आहे? कारण द्या.
२. पुन्हापुन्हा प्रारित होणाऱ्या भागासाठी टेफ्लॉन निवडाल की पॉलिस्टायरीन? का?