वाढीची तजवीज : संभाजीनगरातील चार दशके

रेल्वे स्टेशन आणि चिकलठाणा येथील औद्योगिक वसाहतींनी या शहराला कारखानदारीची ओळख करून दिली होती, हे खरे. परंतु अल्प भांडवलावर उभा राहिलेला उद्योग किती झपाट्याने वाढू शकतो आणि त्या वाढीला पुरून उरेल अशी व्यवस्था आधीपासून कशी लावून ठेवावी लागते, याचा पहिला मोठा वस्तुपाठ शहराला मिळाला तो १९८५ साली, वाळूजला. त्या वर्षी बजाज ऑटोचा कारखाना अवघ्या १६ महिन्यांत उभा राहून चालू झाला आणि त्याला सुटे भाग पुरविणाऱ्या व्हेंडरांची एक संबंध पिढी त्याच्या आश्रयाने वाढीस लागली. आज युरोपातही कारखाने चालविणाऱ्या एन्ड्युरन्सचा आरंभ त्याच वर्षी, याच शहरात, दोन डाय-कास्टिंग यंत्रांवर झाला होता. सॉफ्टवेअरच्या नवउद्योगांचा मागोवा मी ॲल्युमिनियमच्या ओतकामापासून घेऊ लागतो, याचे कारण असे की, अकस्मात वाढलेल्या मागणीला तोंड कसे द्यावे हे या शहराने प्रथम शिकून घेतले ते डिस्पॅचच्या गाडीत माल भरताना, आणि पुढे येथे सॉफ्टवेअर लिहू लागलेल्या, माझ्या परिचयाच्या तरुणांपैकी बरेचसे याच व्हेंडरांच्या घरांत वाढलेले होते.

नव्वदीच्या दशकात या व्हेंडरांच्या शेडमध्ये संगणक आला तो काचेच्या केबिनमध्ये, प्लॅस्टिकचे आच्छादन पांघरून. ग्राइंडरची भुकटी आत शिरू नये म्हणून केबिनचे दार सदैव लोटलेले असे. शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कर्कश आवाज करीत तीन प्रतींत चलान छापी. आणि संध्याकाळी निघताना हिशेबनीस दिवसभराच्या नोंदी फ्लॉपीवर उतरवून ती डब्याच्या पिशवीतून घरी नेई. तेवढाच काय तो बॅकअप. रोजमेळ, खतावणी, मालसाठ्याचा तक्ता असे सारे दप्तर हळूहळू संगणकावर चढले; परंतु एकाच बुशला स्टोअरमध्ये एक नाव, जॉब वर्कच्या चलानावर दुसरे आणि बिलावर तिसरे, अशी स्थिती जेथे होती तेथे संगणकाने घोळ निस्तरला नाही, उलट त्याचा वेग वाढविला. ज्यांनी त्या काळी कंटाळा न करता प्रत्येक भागाला एकच क्रमांक दिला आणि तो ड्रॉइंगपासून डेबिट नोटेपर्यंत कोठेही बदलणार नाही असा दंडक घातला, त्यांच्या एका शेडच्या चार शेड झाल्या तरी दप्तर मोडले नाही. माझ्या मते या चार दशकांतील सर्वांत मोलाची गोष्ट तीच होय, आणि तिला पैशाचा खर्च जवळजवळ आलाच नाही.

सॉफ्टवेअर हाच ज्यांचा धंदा, त्यांची वाट मात्र बिकट होती. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय होते, विद्यापीठाच्या परिसरात पूर्वी सीईडीटीआय म्हणून ओळखली जाणारी आजची नाइलिट ही संस्था होती, चिकलठाण्याला सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कचे केंद्र आले. बुद्धिमान मुलांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती अखंड विजेची, भरवशाच्या इंटरनेटची आणि सर्व्हर विकत घेण्याइतक्या भांडवलाची. बीएसएनएलचे ब्रॉडबँड २००५ पासून येऊ लागले, तरी सिडकोतल्या एखाद्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत सर्व्हर, त्याला थंड ठेवण्यासाठी एसी, एसीला इन्व्हर्टर पुरत नाही म्हणून गच्चीवर जनरेटर आणि भारनियमनाच्या वेळापत्रकावरून ठरणारे कामाचे वेळापत्रक, असा त्या काळचा संसार होता. शिवाय सर्व्हर केवढा घ्यावा, याचा निर्णय पहिला ग्राहक येण्यापूर्वीच करणे भाग पडे. लहान घेतला तर नेमका गर्दीच्या दिवशी तो बसे; मोठा घेतला तर यंत्र वर्षभर रिकामे राही आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू राही. कितीतरी होतकरू उद्योग ग्राहकांच्या अभावी बंद पडले असे लोक म्हणत. मला वाटते, त्यांतले काही या एका चुकलेल्या अंदाजाखाली दडपले गेले.

ही कोंडी फुटली ती प्रामुख्याने २०१६ या वर्षी. ॲमेझॉनने भाड्याने संगणकशक्ती देण्याची सेवा २००६ मध्येच सुरू केली होती, परंतु ती यंत्रे सातासमुद्रांपलीकडे असत आणि देयक डॉलरमध्ये येई. मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या उत्तरार्धात पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ च्या जूनमध्ये मुंबईत आपापली केंद्रे खुली केली, तेव्हा हे अंतर तुटले. त्याच २०१६ च्या जानेवारीत स्टार्टअप इंडियाचा आरंभ झाला, एप्रिलमध्ये यूपीआय आले, सप्टेंबरमध्ये जिओने मोबाइलवरचा डेटा कवडीमोल केला. आणि त्याच सुमारास सीएमआयए या येथील उद्योजकसंघटनेच्या पुढाकाराने मॅजिक ही नवउद्योगांना हात देणारी संस्था आकाराला आली. तासाच्या हिशेबाने यंत्र भाड्याने घ्यावे, गर्दी ओसरताच परत करावे, हे ज्यांनी भारनियमनाच्या काळात जनरेटरचे डिझेल मोजले होते त्यांना आरंभी खरेच वाटेना.

भाड्याच्या यंत्राने मात्र सारे प्रश्न सुटले नाहीत. कोचिंग क्लासेसची फी मोबाइलवर स्वीकारणारे सॉफ्टवेअर करणारी एक तरुण मंडळी मी जवळून पाहिली आहे. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की संध्याकाळी पालक घरी आल्यावर एकाच वेळी सहस्रावधी भरणे येत आणि सारा कारभार ठप्प होई. त्यांनी दुप्पट मोठे यंत्र घेतले; दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. मूळ दोष असा होता की पालकाने बटण दाबताच एकच प्रक्रिया पैशांची नोंद करी, पावतीची पीडीएफ बनवी, एसएमएस पाठवी, संचालकांसाठीचा दिवसाचा ताळेबंद पुन्हा मांडी, आणि हे सारे उरकेपर्यंत पालकाच्या पडद्यावर चक्र फिरत राही; कंटाळून तो बटण पुन्हा दाबी आणि फी दोनदा कापली जाई. अखेरीस त्यांनी केले ते एवढेच, की पैशांची नोंद होताच पालकाला तसे कळवावयाचे, आणि पावती व एसएमएस यांचे काम एका रांगेत लावून वेगळ्या यंत्राने सवडीने उरकावयाचे. मलिक अंबराच्या नहरीतून आलेल्या पाण्याच्या वाटेवर दाब सांभाळण्यासाठी जागोजाग मनोरे बांधलेले असत; ही रांगही तोच दाब आपल्या अंगावर घेते. पावत्या निराळ्या साठ्यात गेल्या, संचालकांचे तक्ते मूळ डेटाबेसच्या प्रतीवरून निघू लागले, आणि प्रत्येक भरण्याला बटण दाबण्यापूर्वीच एक क्रमांक देऊन, त्या क्रमांकाची नोंद एकदा झाल्यावर तीच मागणी पुन्हा आली तरी दुसरी नोंद होणार नाही, असा बंदोबस्त झाला. त्यांतील एकाचे वडील वाळूजचे जुने व्हेंडर. चिरंजीवांनी मोठ्या उत्साहाने ही युक्ती सांगितली, तेव्हा ते म्हणाले, ‘‘अरे, चलान नंबर दोनदा फाडायचा नसतो, हे आमच्या स्टोअरकीपरला पण ठाऊक होतं.’’ पुढील वर्षी यंत्र पूर्वीपेक्षा लहान घेतले, संध्याकाळी त्याच्या जोडीला तसेच दुसरे उभे राही आणि रात्री आपोआप निघून जाई.

मध्यंतरी एक निराळीच हौस आली होती. परदेशी महाकाय कंपन्यांचे पाहून, पाच जणांच्या कंपन्यांनीही आपल्या सॉफ्टवेअरचे वीस तुकडे करून प्रत्येकाचा स्वतंत्र संसार मांडला. व्हॉट्सॲप २०१४ मध्ये विकले गेले तेव्हा सुमारे ४५ कोटी वापरकर्त्यांचा भार अवघे ३२ अभियंते सांभाळीत होते, याकडे कोणी लक्ष दिले नाही. लहान मंडळींनी एकसंध सॉफ्टवेअर, एक डेटाबेस आणि त्याचा रोजचा तपासून पाहिलेला बॅकअप एवढ्यावरच आरंभ करावा, असे माझे ठाम मत आहे. फक्त आतील भिंती अशा घालाव्यात की पुढे एखादे दालन वेगळे काढता येईल.

दप्तराची शिस्त राज्यकर्त्यांनीही सक्तीने लादली. जीएसटी २०१७ च्या जुलैमध्ये आला; ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस बंधनकारक झाले, ती मर्यादा उतरत उतरत ऑक्टोबर २०२२ मध्ये १० कोटींवर आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली, आणि वाळूजच्या गाळ्यागाळ्यांतील सॉफ्टवेअरला सरकारी पोर्टलशी थेट बोलावे लागले. ज्यांचे भागांचे क्रमांक जुन्या काळापासून नीट होते त्यांनी मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या ईआरपीनेक्स्टसारख्या खुल्या सॉफ्टवेअरवर हे काम फारशा सायासावाचून पार पाडले. इतरांना आधी सारे दप्तर उपसावे लागले. मधल्या कोरोनाच्या टाळेबंदीत शेजारच्या बीड जिल्ह्यातील दादासाहेब भगत यांनी गावी परतून, नेटवर्क मिळावे म्हणून टेकडीवरच्या गोठ्यात बसून डिझाइन टेम्पलेटचे काम चालविले. यंत्र भाड्याचे आणि दूरचे असले म्हणजे उद्योजकाला शहरातली जागाही लागत नाही, हे त्यावरून मराठवाड्याला दिसले.

आता शेंद्रा-बिडकीनला ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी आहे. २०२४ मध्ये एथर एनर्जीने आणि टोयोटा किर्लोस्करने येथे कारखाने काढण्याचे जाहीर केले. विजेवरच्या वाहनातील प्रत्येक सेल आणि प्रत्येक कास्टिंग कोणत्या पाळीत, कोणत्या साच्यातून निघाले याचा दाखला वर्षानुवर्षे जतन करावा लागतो, म्हणजे पूर्वी पेटीमागे एक असलेली नोंद आता नगामागे एक होणार. वाळूजच्या दोन-चार तरुण कंपन्या या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर लिहू लागल्या आहेत. त्यांच्या बैठकीत परवा बसलो होतो, तेव्हा सर्व्हरचा विषय शेवटी आला; पहिला तासभर चर्चा चालली होती ती नगावर कोरावयाच्या क्रमांकात किती अंक असावेत याची.